दोन टकटक आणि एक

१

आख्खी वसाहत त्यांना कानवाल्या बाई म्हणायची. त्यात चेष्टा नव्हती, कामच तसं होतं. सत्तावीस वर्षं दवाखान्यात त्यांनी लोकांचे कान तपासले. कान म्हणजे औषध-बिषध नव्हे, ते डॉक्टरांचं. बाईंचं काम एवढंच, की समोरच्याला किती ऐकू येतं ते कागदावर उतरवायचं.

त्यासाठी तिथे एक लाकडी खोली होती, कपाटापेक्षा जराशी मोठी. आतून भिंतींना जाड स्पंज, समोर वहीएवढी काच. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. "आवाज आला की दाबा. बारीक आला तरी दाबा. नाही आला तर उगाच दाबू नका." बाहेर बाई आवाज कमी कमी करत जायच्या. दोन आवाजांमधलं अंतर कधी सारखं ठेवायचं नाही, नाहीतर माणूस ताल पकडतो आणि ऐकू न येताच बटण दाबायला लागतो. तोच आवाज तीनदा द्यायचा. तीनातून दोनदा बटण दाबलं गेलं, तर खरं धरायचं.

नसलेले आवाज ऐकणारे खूप. म्हातारे तर भिडेपोटी दाबायचे, एवढी मेहनत घेतेय बिचारी, म्हणून. पण ऐकू येत असून न दाबणारेही असत. एक सासरेबुवा आले होते, त्यांना फक्त सुनेचा आवाज ऐकू येत नसे. असे लोक बाई बसल्या जागी ओळखायच्या. नव्या डॉक्टरने एकदा विचारलं, "कसं कळतं हो तुम्हाला?"

"छातीकडे बघायचं," बाई म्हणाल्या. "ज्याला ऐकूच येत नाही तो सरळ श्वास घेत राहतो. ज्याला येतं आणि दाबायचं नसतं, तो आवाज आला की क्षणभर श्वास धरतो. अंगठ्याला आवरता येतं, छातीला नाही."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

२

तर अशा या बाईंना वयाच्या बावन्नाव्या वर्षी अवकाशात जायचं खूळ लागलं.

खुळाचं मूळ लेकीत. लेक नोकरीसाठी दूर गेली आणि तिचा तो भला दांडगा कॉम्प्युटर मागच्या खोलीत ठेवून गेली. त्यात एक खेळ होता. यान चालवायचं, ग्रहावरून ग्रहावर जायचं, तळावर जाऊन उभं राहायचं. मारामारी नाही, घाई नाही. बाई दुपारच्या एकट्या असल्या की खेळायच्या. फोनवर लेकीला पत्ता लागला तशी ती म्हणाली, "आई, पडद्यावर काय बघतेस? डोक्यावर चढवायचा हेडसेट घे. यानात बसल्यासारखं वाटतं."

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा, त्यामुळे बोलण्यात चूक दिसली की सोडायचा नाही. "या वयात माणसं गुडघ्याला तेल लावतात," तो म्हणाला, "तू मंगळावर निघालीस."

"मंगळावर गुडघे कमी दुखतात. वजन कमी भरतं तिथे."

दुकानातल्या मुलीने आधी गृहीतच धरलं. "काकू, मुलाला भेट द्यायचाय का?"

"मला बसायचंय यानात."

मुलगी हसली, पण हुशार होती. "मग बसून खेळायचं ना? तर बिनवायरीच्या भानगडीत पडू नका. वायरचा घ्या. चित्र स्वच्छ येतं आणि मध्येच चार्जिंग संपत नाही. यानातली घड्याळं वाचता आली पाहिजेत, नाहीतर नुसते दिवे दिसतात. चष्मा आतमध्ये मावतोय का बघा... मावला. आता हे चाक फिरवा, दोन डोळ्यांमधलं अंतर जुळवायचं. पहिले काही दिवस मळमळेल हं. पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही."

दोन हेडसेट उरले. मुलीने समजावलं. "पुढे कॅमेरे असतात. तुम्ही खेळताना आखलेल्या रेघेबाहेर गेलात की खेळ आपोआप पुसट होतो आणि तुमची खरी खोली दिसते. कुठे धडपडू नये म्हणून. याच्यात खोली रंगीत दिसते, त्याच्यात करडी."

बाईंनी दोन्ही घालून बघितले. करड्यातून दुकान जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोसारखं दिसत होतं. मुलगीसुद्धा कुठल्याशा अल्बममधली वाटली. बाईंना एकदम बरं वाटलं, का ते कळलं नाही.

"करडा द्या," त्या म्हणाल्या. "आणि हेडफोन कान पूर्ण झाकणारे. त्यात मी ऐकायची नाही."

३

मागची खोली हीच बाईंची लहानपणची खोली. आईवडिलांमागे घर त्यांच्याकडे आलं. घरात सगळं बदललं, पण या खोलीचा एक नेम कधी बदलला नाही. दार कायम सताड उघडं. दाराशी एक जुनी लोखंडी इस्त्री टेकवलेली असायची, वाऱ्याने लोटलं जाऊ नये म्हणून. दाराला आतून कडीही नव्हती. वडिलांनी फार वर्षांपूर्वी ती काढून टाकली. फक्त चार स्क्रूंची भोकं होती, लांबीने बुजवून वर रंग मारलेली. नवऱ्याने लग्नानंतर एकदा विचारलं होतं. "मी लहानपणी आत अडकले होते," असं त्याला सांगितलं होतं. ते अर्धं खरं होतं.

रविवारी दोघं जोडणीला बसले. नवरा कागद वाचून दाखवायचा, मधूनच म्हणायचा, "इथे एक अनुस्वार राहिलाय." वायरी लागल्या, खुर्ची मधोमध आली, उजव्या हाताला यानाचा दांडा, डाव्याला वेग कमी-जास्त करायची मूठ. शेवटी हेडसेट चढवून फरशीवर रेघ आखायची होती, खुर्चीभोवती, जेवढी जागा मोकळी तेवढी.

करड्या खोलीत बाईंनी निळसर रेघ ओढली. खिडकी, कपाट, दार. दारापाशी रेघ आपोआप आत सरकली, हातभर.

"काहीतरी अडथळा आहे म्हणतंय."

"इस्त्री आहे," नवरा म्हणाला. "आणि दार अर्धं आत येतंय. थांब." त्याने पायाने इस्त्री सरकवली आणि दार लोटून दिलं.

दार लागल्याचा आवाज झाला. पंचेचाळीस वर्षांत बाईंनी तो ऐकला नव्हता. कानांवर हेडफोन असूनही छातीत ऐकू आला.

त्यांनी रेघ पुन्हा ओढली. दारापाशी ती पुन्हा आत सरकली, तेवढीच.

"असू दे," नवरा म्हणाला. "तिकडे कुठे नाचायचंय तुला?"

४

पहिल्या दिवशी यान तळावरून वर उठलं, खाली निळा गोळा फिरायला लागला, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. चष्म्यावर धुकं. आत पुसता येईना.

कारण हे सगळं त्यांनी आधी केलेलं होतं. याच खोलीत, याच भिंतीसमोर. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, पुढे उलटं टेबल, टेबलाच्या पायांना बांधलेली दोरी. बिस्किटाच्या डब्यांची झाकणं म्हणजे घड्याळं. उजव्या खुर्चीवर ताई, वय अकरा, कॅप्टन. डाव्या खुर्चीवर या, वय सात. तेव्हा नाव होतं ढब्बू. ढब्बू गुबगुबीत होती आणि ताईला दया माहीत नव्हती.

"ढब्बू, इंधन!"

इंधनाचं बटण म्हणजे ताईचा दम्याचा पंप. तो टेबलाच्या कडेला उभा ठेवलेला असे. ढब्बूने त्यावर बोट टेकवायचं, दाबायचं मात्र नाही, औषध वाया जातं. ताई तोंडाने असा काही आवाज काढायची की खिडकीची काच थरथरावी. मग भिंत नाहीशी व्हायची. खरंच व्हायची. एवढे पैसे मोजून आणलेल्या यंत्राने बाईंना जे दाखवलं, ते ताई नुसत्या तोंडाने दाखवायची.

मग मध्येच अँटेना वाकडी व्हायची. रोजच व्हायची. ताई डोक्यावर अॅल्युमिनियमचं पातेलं घालून बाहेर पडायची. दार म्हणजे यानाचं दार, पलीकडचा बोळ म्हणजे अवकाश. ढब्बूने आतून कडी घालायची, नाहीतर सगळी हवा बाहेर जाईल. काम झालं की ताई दार वाजवायची. दोन टकटक, थांबून एक. तरच उघडायचं. बाकी कुणी वाजवलं तर तो परका.

"मी कधी जाणार बाहेर?" ढब्बू रोज विचारायची.

"मोठी झालीस की."

"म्हणजे कधी?"

"माझ्याएवढी झालीस की!" आणि मग पातेल्याखालून हसू. ढब्बू कितीही वाढली तरी ताई पुढेच राहणार, हा हिशोब दोघींनाही कळत होता. तेव्हा तरी.

५

चौथ्या दुपारी बाई एका तळावर यान उभं करून नुसत्या बसल्या होत्या. इंजिन बंद. कानात यानाची बारीक घरघर. आणि मागून, उजवीकडून, टकटक. थांबून, टक.

बाईंनी हेडसेट काढला. खोली, दुपार, पंखा. दार लोटलेलं. उठून बघितलं, बोळात कुणी नाही. नवरा छापखान्यात.

त्यांनी लेकीला फोन लावला. "त्या खेळात कुणी दार वाजवतं का गं?"

"आई, अवकाशात कोण दार वाजवणार?"

"तसं नाही, काही आवाज ठेवलेला असेल."

"नाही. आणि पंधरा मिनिटांच्या वर बसतेस ना? कान वाजत असतील. तूच लोकांना सांगतेस."

बरोबर होतं. कान वाजतात. वायर खुर्चीवर आपटते. वरच्या मजल्यावरचा नळ. बाईंनी एकेक काढून टाकलं. वायर टेपने चिकटवली, पंखा बंद केला, खेळाचा आवाज शून्यावर आणला. हेडफोन कानांवर, आत काहीच नाही, स्पंजाच्या खोलीतली शांतता. मांडीवर वही आणि पेन्सिल, डोळे मिटलेले. ऐकू आलं की रेघ मारायची, शंका असेल तर सोडून द्यायचं.

पहिल्यांदा आलं. स्पष्ट. रेघ.

दुसऱ्यांदा इतकं हलकं आलं की बाईंनी प्रामाणिकपणे सोडून दिलं.

तिसऱ्यांदा बराच वेळ लागला. बाईंना वाटलं, झालं, नव्हतंच काही. आणि मग आलं. रेघ.

तीनातून दोन. दोन वेळांमधलं अंतरही सारखं नव्हतं. आवाजसुद्धा कमी कमी होत गेला होता. पलीकडून कुणीतरी नीट, शिकल्यासारखी, त्यांचीच तपासणी घेत होतं.

बाईंनी वही मिटली. संध्याकाळी नवरा आला तेव्हा दाराला इस्त्री लावलेली होती.

"काय झालं? मंगळ बंद?"

"डोकं दुखतंय."

"तरी म्हटलं होतं," तो म्हणाला, आणि त्याने चहा टाकला.

६

त्या दिवशी आई बाजारात गेली होती. "अर्ध्या तासात येते, भांडू नका," म्हणाली. दोघी आधीच भांडल्या होत्या. ढब्बू म्हणाली होती, आज मीच जाणार अँटेना बघायला, आणि ताईने तिला पातेल्याला हातही लावू दिला नव्हता. ताई बाहेर गेली. ढब्बूने कडी घातली आणि फुगून बसली.

दोन टकटक, थांबून एक.

ढब्बूने नाही उघडलं. बस म्हणावं जरा अवकाशात.

पुन्हा टकटक. "ढब्बू, उघड की गं." हसून. मग न हसता, "अगं उघड, माझा ऑक्सिजन संपतोय."

हे वाक्य खेळातलंच होतं. रोजचं होतं. आज तेवढी त्यात शीळ होती, श्वासाबरोबर येणारी, बारीक. ढब्बूला ती ऐकू आली. पंप तिच्यासमोर टेबलावर उभा होता. ती त्याच्याकडे बघत बसली आणि दर टकटकीला श्वास धरत राहिली, म्हणजे आत कुणी नाहीच असं वाटावं.

टकटक हलकी होत गेली. मग नखाने केल्यासारखी. मग नाही.

आई आली तेव्हा दार उघडं होतं आणि ढब्बू ताईच्या शेजारी बोळात बसून तिच्या ओठांशी पंप धरून होती. "मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिली. शेवटी वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले, पोरीच्या कानात दोष असेल म्हणून. तिथे लाकडी खोली होती. तिला आत बसवलं आणि हातात बटण दिलं.

सात वर्षांची पोर एकेक बारीक आवाज ऐकत गेली आणि बटण न दाबता बसून राहिली. काचेपलीकडच्या माणसाने कागदावर लिहिलं, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. वडिलांनी घरी येऊन कडी काढून टाकली. कुणी तिला कधी एका शब्दाने बोललं नाही.

ती मोठी झाली. ताईएवढी झाली, मग ताईपेक्षा मोठी झाली. आणि काचेच्या पलीकडे, त्या माणसाच्या जागेवर, जाऊन बसली.

७

पुढच्या रविवारी सकाळी बाई औषधाच्या दुकानात जाऊन आल्या. दुपारी नवरा पिशवी घेऊन निघाला. "भाजी आणतो. अर्ध्या तासात येतो."

"सावकाश या," बाई म्हणाल्या.

त्यांनी इस्त्री उचलून कपाटात ठेवली, दार लोटलं. स्वयंपाकघरातली एक खुर्ची आणून उजवीकडे मांडली आणि स्वतः डावीकडे बसल्या. नवा पंप खोक्यातून काढून टेबलाच्या कडेला उभा केला. मनात म्हणाल्या, कान वाजत असतील तर वाजू देत. पंधरा मिनिटं बसायचं आणि उठायचं. बावन्न वर्षांच्या बाईने एवढं करायला कुणाची हरकत नसावी.

यान तळावर उभं होतं. घरघर. समोर काळ्या आभाळात दाटीवाटीने तारे.

टकटक. थांबून, टक.

दांड्यावरच्या बटणावरचा अंगठा मनाआधी हलला. सत्तावीस वर्षं लोकांना सांगितलं होतं, बारीक आला तरी दाबा. यानाच्या दाराचा दिवा हिरवा झाला.

"आलं ऐकू," बाई म्हणाल्या. "ताई, तेव्हाही आलं होतं."

काहीच झालं नाही. मग हेडफोनच्या आत, कानाच्या अगदी जवळ, श्वास ऐकू आला. आत जाताना शीळ, बाहेर येताना शीळ.

बाईंनी चाचपडत पंप उचलला आणि दाराकडे वळून दोन पावलं टाकली. रेघ ओलांडली तसे तारे पुसट झाले आणि करडी खोली वर आली, जुन्या फोटोतल्यासारखी. टेबल. दोन खुर्च्या. दार हातभर उघडं होतं. फटीत, बाईंच्या खांद्याएवढ्या उंचीवर, पातेल्याची कड चमकत होती. दाराच्या कडेवर चार बोटं होती. नखं काळी. करड्या चित्रात निळं काळंच दिसतं, एवढं बाईंना माहीत होतं.

त्यांनी पंप पुढे केला. कुणीतरी तो हातातून घेतला. चुटकन, जसा ताई कुठलीही वस्तू घ्यायची, मागायच्या आत.

आणि मग पातेल्याखालून आलेला आवाज, पोकळ, हसरा, थोडा धापा टाकणारा.

"केवढी मोठी झालीस गं ढब्बू! जा आता. तुझी पाळी."

बाईंना उभ्या जन्मात एवढा आनंद झाला नव्हता. हे खरं आहे आणि नंतर त्यांना त्याचंच सगळ्यात जास्त भय वाटलं. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग आणखी एक. मागे वायर ताणली गेली आणि निसटली. डोळ्यांपुढे अंधार झाला. त्यांनी हेडसेट उतरवला.

त्या बोळात उभ्या होत्या. दार त्यांच्या मागे लागलेलं होतं. आणि पलीकडून, जिथे चार भरलेल्या भोकांशिवाय काही नव्हतं तिथून, कडी सरकवल्याचा आवाज आला.

बाईंनी दार ढकललं. हललं नाही.

घर शांत होतं. नवरा यायला वेळ होता. छातीत काहीतरी घट्ट आवळल्यासारखं झालं. घाबरल्याने होतं तसं, त्यांनी स्वतःला सांगितलं. आयुष्यात त्यांना कधी दमा नव्हता. त्यांनी दाराला कान लावला. आत शीळ चालू होती, सावकाश, एका लयीत.

त्यांनी वाजवलं. दोन टकटक, थांबून एक.

शीळ थांबली. क्षणभर. मग पुन्हा सुरू झाली.

बाईंनी अंतर बदललं. आवाज कमी केला.

शीळ थांबली. पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं नख लावलं, इतकं हलकं की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं नाही. आतला श्वास धरला गेला आणि तसाच राहिला.

तीनातून तीन. कान ठणठणीत होते.

"ताई," बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं, कारण पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, आणि ते म्हणायला पुरेसा श्वास उरला नव्हता.